टिळ्याची जागा

आमच्या गोठ्यात आता गाय नाय, मशीन हाय. मखमलाबादला येऊन कुणालाही विचारा, ठमाबाईचा गोठा कुठं, लहान पोरगं बी दारापर्यंत आणून सोडतंय. अन् आलात की दारावरची पितळी पाटी वाचा. माझ्या पोराचं नाव नाय तिच्यावर, माझ्या सुनेचं हाय. शुभांगी इंजिनिअरिंग. अक्षरं तिनं तिच्याच मशीनवर कोरलीत. सुनेचं कौतुक करताना ज्या सासवांच्या पोटात दुखतं त्यांनी ओवा खावा. माझ्या पोटात काय दुखत नाय. मी सांगणार, अन् तुम्ही बसून ऐकायचं.

आम्ही फुलवाले माळी. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माझा महेश पहाटे टेम्पो भरून बाजारात जातो, तेच आमचं पोट. त्याच्यासाठी पोरगी बघायला घोटीकडं गेलो तवा नव्या शतकाचं पहिलं साल उजाडलं होतं. पोरीचा बाप चंदर, गावात भाताची गिरणी चालवणारा. पोरगी पोहे घेऊन आली. मी तिचा हात हातात घेतला अन् बघते तर नखांच्या कडेला काळं. मी म्हणलं, "हे काय गं?"

बाप घाईघाईनं मधी पडला, "चुलीचं हाय विहीणबाई, सकाळधरनं राबतेय."

पोरगी शांतपणे म्हणली, "चुलीचं नाही. मी आयटीआय केलंय. अंबडला कंपनीत मशीनवर आहे. हे तेल आहे, धुतलं तरी निघत नाही."

चंदरनं मान खाली घातली. जसं काय पोरीनं चोरीच कबूल केली! आता गंमत बघा, हा माणूस स्वतः जन्मभर ग्रीसमधी बरबटलेला. शुभांगी लहान असताना त्याच गिरणीत त्याला पाने-हातोड्या काढून द्यायची. यंत्र कसं ऐकायचं ते तिथंच शिकली. पण बारा वर्षांची झाली अन् बापानं सांगितलं, आता गिरणीत पाऊल टाकायचं नाय, मी काळा झालो तेवढं बास. पोरीनं गिरणी सोडली, पण यंत्र काय सोडलं नाय. बापाला त्याची लाज वाटायची, अन् त्या लाजेचं पोरीला दुखायचं. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी एवढंच म्हणलं, "आमच्या घरात सगळ्यांचे हात मातीचे. एक जोडी तेलाची आली तर काय बिघडलं? पोरगी पसंत हाय."

लग्न झालं. सून सकाळी डबा घेऊन कंपनीत जायची, संध्याकाळी येऊन माझ्यासंगं हार गुंफायला बसायची. दोन-एक वर्षं गेली अन् एके दिवशी महेशचा टेम्पो दारात आला. पुढं झेंडूचे रिकामे क्रेट, मागं दोरखंडानं बांधलेलं एक धूड. कुठल्याशा कॉलेजनं पोरांना शिकवायचं जुनं मशीन मोडीत काढलेलं, ते अंबड लिंक रोडच्या भंगारात पडलं होतं. कपाटाएवढं. त्याचा मेंदू म्हणे जळालाय.

मी म्हणलं, "अगं शुभांगे, मेंदू जळालेली माणसं काय कमी हायेत आपल्या आळीत?"

ती हसली. "आत्याबाई, गोठा रिकामाच आहे. तिथं ठेवू?"

गाय म्हातारी होऊन गेली होती, गोठा खरंच रिकामा होता. मी हो म्हणलं. शेजारच्या भागीबाईनं आळीभर करून टाकलं, ठमीनं गाय विकून भंगार बांधलं दावणीला. बोलणाऱ्याचं तोंड काय धरता येतं? सुट्टीचा दिवस आला की शुभांगी गोठ्यात. जुना कॉम्प्युटर आणला, वायरी आणल्या, मोटरा बदलल्या. किती सुट्ट्या गेल्या देव जाणे. अन् एका दुपारी मला हाताला धरून घेऊन गेली. कॉम्प्युटरात एक फूल काढलेलं होतं. तिनं बटण दाबलं, मशीनची सुई गरगरा फिरायला लागली, अन् ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर शेवंतीचं फूल उमटलं. पाकळी न् पाकळी! मी म्हणलं, "बया! हे तर आपल्या मळ्यातलंच." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला बोलू.

मंग कामं यायला लागली. ज्याचा पार्ट बाजारात मिळत नाय, बनवणारी कंपनीच बंद झालीय, तो माणूस आमच्या गोठ्याची वाट धरायचा. रसवंतीवाल्याचं चाक, द्राक्षाच्या फवाऱ्याची नळी, येवल्याच्या एका विणकराच्या मागाचा कसलासा खटका. शुभांगीची रीत एकच. तुटका तुकडा तळहातावर घ्यायची, उलटापालटा करायची अन् विचारायची, "कसा तुटला?" लोक म्हणायचे, कसा का तुटंना, नवा करून द्या. ती म्हणायची, "कसा तुटला ते कळल्याशिवाय मी करत नाही. नाहीतर नवाही तसाच तुटेल." भागीबाईच्या मिक्सरचं चाक सुद्धा तिनंच करून दिलं. तवापासून भागीबाईला गाय आठवत नाय.

मशीनची एक खोड मात्र तुम्हाला सांगून ठेवते, ती पुढं लागणार हाय. त्या दिवसांत भारनियमन लय. लाइट गेली की मशीन आपण कुठं उभे हाय तेच विसरायचं. मंग लाइट आल्यावर ते आधी मागं मागं सरकत एका कोपऱ्यात जायचं. तिथं एक बारका डोळा होता, त्याच्याशेजारी मुंगीएवढा लाल दिवा. त्या डोळ्यानं मशीनला बघितलं की मशीन थांबायचं. शुभांगी म्हणायची, "घरी जाऊन आलं. आता इथून मोजायला लागेल." मला ते लय आवडायचं. कुठं बी भटकून आलं तरी आधी घरी जायचं, मंग कामाला लागायचं.

दोन हजार चार साली नवरात्रात महेश फुलं द्यायला घोटीला गेला, अन् परत आला तो तोंड पाडून. गिरणी बंद होती अन् चंदर पायरीवर बसलेला. गिरणीतल्या मोठ्या दातेरी चाकाचे दात तुटले होते. वेल्डिंग केलं, पुन्हा तुटले. दुसरीकडं मिळत नाय, कारण ती गिरणी बनवणारेच आता कुठं उरले नायत. नवं भात दिवाळीला येणार, अन् चाकाशिवाय गिरणी म्हणजे नुसती पत्र्याची खोली. शेजारच्या मोठ्या गिरणीवाल्याला चंदरनं शब्द देऊन टाकला होता, दसऱ्याच्या दुपारी ये, सोनं वाटतावाटता सौदा पक्का करू.

महेशनं तुटकं चाक उचलून आणलं होतं. शुभांगीनं ते मांडीवर घेतलं. कसा तुटला हे काय तिनं विचारलं नाय. ह्या चाकाशेजारीच तर ती लहानाची मोठी झाली होती. उठली अन् फोन लावला. मी कान देऊन ऐकत होते, त्यात लपवायचं काय?

"अप्पा, चाक मी करते. नायलॉनचं."

"नायलॉनचं?" चंदर एवढ्यानं ओरडला की मला लांबून ऐकू आलं. "साडी नेसवतेस काय गिरणीला? लोखंड टिकंना, अन् तू प्लास्टिक देणार?"

"लोखंड हट्टी असतं म्हणून तुटतं अप्पा. हे थोडं दबतं. टिकेल."

मंग तो म्हणला, "दसऱ्याच्या दुपारपर्यंत आणलंस तर बघू. नायतर मी शब्द फिरवणार नाय."

नायलॉनचा गोल दांडा आला. पांढराशुभ्र, मांडीएवढा जाड. शुभांगीनं त्याचा एक जाड चकता कापून मशीनला लावला. उरलेला तुकडा गोठ्यात लोळत पडला होता. मला असलं फुकट गेलेलं बघवत नाय. माझा माठ कधीचा डुगडुगत होता, मी तो तुकडा नेऊन त्याच्याखाली ठेवला. झक्क बसला.

अष्टमीला चाकाचे दात कापून झाले. बारीक हात फिरवायचा तेवढा राहिला होता. नवमीला शुभांगीनं मशीन बंद केलं. खंडेनवमी! त्या दिवशी हत्याराला राबवायचं नाय, त्याची पूजा करायची. आमची खुरपी-विळे धुऊन मांडले होते, तसंच मशीन बी पुसून लख्ख केलं. चाक तसंच त्याच्यात अडकवलेलं राहिलं. महेश म्हणला, घाई हाय तर आज चालव की. शुभांगी म्हणली, "वर्षभर राबतंय ते. एक दिवस त्याचा."

दुपारी दारात चंदर. तीन वर्षांत पोरीच्या घरी चारदा आला असंल, पण गोठ्याकडं कधी फिरकला नव्हता. हातात कापडी पिशवी, पिशवीत त्याचा गिरणीतला मोठा पाना.

मी म्हणलं, "या व्याहीबुवा. आज वाट चुकलात?"

त्यानं पाना बाहेर काढला. "गिरणी बंद हाय विहीणबाई. बंद दारात कसली पूजा करायची? म्हणलं, ह्या पान्याला तरी कुठं कुंकू लागावं."

मला एकदम भरून आलं. मी कुंकवाची वाटी त्याच्या हातात दिली. शुभांगी चहा ठेवायला घरात गेली होती. चंदर चपला काढून गोठ्यात शिरला. पाना मशीनच्या पायाशी ठेवला. चाकाकडं वाकून बघितलं, हात मात्र लावला नाय. मंग वाटीत कुंकू कालवलं अन् मशीनभोवती फिरत राहिला, जसा काय देवाचं तोंड कुठल्या अंगाला हाय ते शोधतोय. कोपऱ्यातला तो बारका लाल दिवा त्याला दिसला. तिथं त्यानं अनामिकेनं टिळा लावला, चांगला ओला, ठसठशीत. अन् हात जोडले.

शुभांगी चहा घेऊन दारात आली ती तिथंच थबकली. बापाचे जोडलेले हात बघून तिनं कप उंबऱ्यावरच ठेवला. टिळा कुठं लागला ते तिनं बघितलंच नाय. तिला दुसरं काय दिसतच नव्हतं.

जाताना चंदर म्हणला, "पाना इथंच राहू दे. तिकडं नुसता गंजंल." अन् मागं न बघता एसटीला गेला. त्यानं मनातनं गिरणी कधीच देऊन टाकली होती, हे मला तवाच कळलं.

दसऱ्याला सकाळी महेश झेंडू घेऊन बाजारात गेला. आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, पण मी ह्या पोरीसाठी घरीच थांबले. तिनं मशीन चालू केलं. ते मागं सरकत घरी गेलं, थांबलं अन् कामाला लागलं. मी झाडत होते. एकदम 'कर्रर्र' असा आवाज झाला. शुभांगीनं झडप घालून लाल बटण दाबलं, पण उशीर झाला होता. सुईनं दात सोडून भलतंच खाल्लं होतं. दिवसरात्र जपलेल्या चाकाचा एका बाजूचा दात न् दात कुरतडलेला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अन् मंग तोंड सुटलं. "मेल्या भंगारा! तुला हार घातला, नारळ फोडला, अन् आजच शेण खायचं होतं तुला?"

शुभांगीनं आधी चाक सोडवलं. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. ते घरी जायला निघालं अन् घराच्या अलीकडंच थांबलं. तिनं बॅटरी घेतली, कोपऱ्यात वाकली. नखानं काहीतरी खरवडलं. बोट उजेडात धरलं तर लालभडक. कुंकू निम्म्या डोळ्यावर वाळून बसलं होतं. निम्मा झाकलेला डोळा, त्याला वाटलं मशीन आलंच, अन् मशीनला वाटलं घर आलं. ते आपलं रस्त्यातच उभं राहिलं अन् तिथनंच मोजायला लागलं.

मी म्हणलं, "अगं, हे तर तुझ्या बापानं—"

"आत्याबाई," तिनं मला मधीच अडवलं. "अप्पांना हे कधीच सांगायचं नाही. माझ्या कामाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडलेत. ते चुकलं, असं मी त्यांना सांगू?"

बोटाला आलेलं कुंकू तिनं चिंधीला पुसलं नाय. कपाळाला लावलं. मंग कापूस घेऊन तो डोळा स्वच्छ केला.

चाक मात्र गेलं ते गेलंच. नवा नायलॉन आणायचा कुठनं? दसरा, सगळी दुकानं बंद, कंपन्या बंद. शुभांगी खाली बसली, भिंतीला टेकून. दुपारी तो मोठा गिरणीवाला चंदरकडं येणार, अन् बाप शब्द फिरवणारा नाय. पहिल्यांदाच मी त्या पोरीला हरलेलं बघितलं, अन् मला ते सहन होईना. मी घरात गेले. माठ उचलला, निम्मं पाणी माझ्या लुगड्यावर सांडलं, खालचा तुकडा काढला अन् तशीच ओलीचिंब गोठ्यात आले.

"घे. पुरंल का?"

तिनं तुकड्याची जाडी मोजली, माझ्याकडं बघितलं अन् खदाखदा हसायला लागली. डोळ्यांत पाणी अन् तोंडात हसू. "पुरतोय आत्याबाई. पुरतोय!"

मशीन फिरायला लागलं अन् मी बाहेर येऊन विजेच्या खांबाकडं बघत उभी राहिले. म्हणलं, लायटी, आज गेलीस ना तर माझ्याशी गाठ हाय. गेली नाय. सणाचा दिवस म्हणून असंल, पण मी म्हणते मला घाबरली.

महेश बाजारातनं आला तो टेम्पो बंद न करता तसाच वळवला. चाक शुभांगीच्या मांडीवर, पाना माझ्या मांडीवर. घोटीला पोचलो तर गिरणीच्या ओट्यावर चंदर अन् समोर तो मोठा गिरणीवाला, शेजारी आपट्याची पानं अन् पेढ्यांचा पुडा.

चंदरनं चाक हातात घेऊन बघितलं. "साबणाच्या वडीसारखं दिसतंय."

"बसवून तर बघू अप्पा."

शुभांगीनं पदर खोचला अन् गिरणीत शिरली. ज्या उंबऱ्यावरनं बापानं तिला हाकललं होतं, तोच उंबरा. चंदर आडवा आला नाय. ती यंत्राखाली वाकली अन् आतनं हात बाहेर काढला, "अप्पा, पाना." चंदरनं माझ्या हातातनं पाना घेतला अन् तिच्या हातात ठेवला. लहानपणी ती द्यायची अन् तो घ्यायचा. मी मनात म्हणलं, बघ गं ठमे, नीट बघून घे.

मोटार चालू झाली. चंदर कान देऊन उभा. त्याचं तोंड उतरलं. "नाय चालत. चाकाचा आवाज कुठाय?"

"चालतंय अप्पा. खडखडत नाही, एवढंच."

त्याचा विश्वास बसंना. त्यानं पन्हाळीखाली हात धरला. अन् तांदूळ आला! गेल्या सालच्या, पडून राहिलेल्या भाताचा, पण पांढरा, गरम. चंदरनं मूठ भरली, उघडली, पुन्हा भरली. मंग त्या माणसाकडं वळून म्हणला, "माझी पोरगी कारागीर हाय. गिरणी द्यायची नाय."

हे तो सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं म्हणला. शुभांगी यंत्राआड तोंड फिरवून रडली. तो माणूस तसा भला, उठून चपला घालायला लागला, पण पेढ्यांचा पुडा तसाच बांधलेला होता. मंग मीच सोडला. म्हणलं, दसऱ्याचं तोंड गोड केल्याशिवाय कुणी जायचं नाय, अन् पहिला पेढा त्यालाच दिला.

ते चाक टिकलं. त्याच्यामागं आसपासच्या गिरण्यांची चाकं आली, अन् चंदर स्वतः तुटकी चाकं पिशवीत घालून एसटीनं आणायला लागला. कुणी विचारलं कुणाकडं नेताय, तर म्हणायचा, "आमच्या पोरीचं वर्कशॉप हाय नाशिकला." शुभांगीनं कंपनी काय लगेच सोडली नाय, ती कच्च्या गुरूची चेली नाय. दुसरं मशीन आलं तवाच सोडली.

पण मला सांगायचंय ते पुढच्या सालच्या खंडेनवमीचं. चंदर आला. या खेपेला पाना नुसता पूजेसाठी आणलेला, परत न्यायचा होता. चपला काढल्या, कुंकू कालवलं अन् थेट त्या कोपऱ्याकडं निघाला. मी त्याला अडवायला पुढं झाले. तेवढ्यात शुभांगी म्हणली, "अप्पा, इकडं."

मशीनच्या दर्शनी बाजूला, बरोबर मधोमध, तिनं पितळेची एक चकती बसवली होती. रुपयाएवढी. भोवती शेवंतीच्या पाकळ्या कोरलेल्या अन् मधी बोटाचं टोक बसंल एवढा खळगा.

"हे काय?" चंदरनं विचारलं.

"टिळ्याची जागा."

चंदर त्या चकतीकडं बघत राहिला. मंग कोपऱ्यातल्या लाल दिव्याकडं बघितलं. पुन्हा चकतीकडं. यंत्रात जन्म गेलेला माणूस तो, त्याला किती वेळ लागणार? त्याचा चेहरा पडला.

"शुभे," तो हळूच म्हणला, "म्हणजे गेल्या साली मी भलत्याच जागी लावला होता?"

शुभांगीनं बापाचं ओलं बोट आपल्या हातात घेतलं अन् त्या खळग्याशी नेलं.

"नाही अप्पा," ती म्हणली. "तेव्हा मी जागाच केली नव्हती."